उलटा बिल्ला

त्याला कामावर सगळे खुंटा म्हणत. हे नाव कोणी ठेवलं, कुठल्या पुलावर ठेवलं, हे आता त्यालाही आठवत नव्हतं. वारा सुटला की उंचावर काम करणारी माणसं दोन्ही हातांनी कडेचे दोर घट्ट धरतात. हा गडी मात्र जमिनीत ठोकल्यासारखा उभा राहायचा आणि खिशातले शेंगदाणे काढून एकेक तोंडात टाकायचा. नव्या पोरांना मुकादम लांबूनच तो दाखवायचा. "बघा, असं उभं राहायचं. शेंगदाणे नसले तरी चालेल."

त्याची बायको कामावरच्या कँटीनमध्ये चहा-जेवण बघायची. तिला सगळे मावशी म्हणत, अगदी तिच्याहून वयानं मोठा असलेला मुकादमसुद्धा. लग्न ठरलं तेव्हा खुंटा गोदीत दोरखंड ओढायचा. तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "पुढं काय करायचा विचार आहे?" तर हा म्हणाला, "वर जायचा." वडिलांना वाटलं, मुलगा मोठ्या उमेदीचा दिसतो. तो बिचारा खरं तेच सांगत होता. आधी तो गोदीच्या क्रेनवर गेला, मग कारखान्यांच्या धुरांड्यांवर आणि मग पुलांवर गेला तो तिथेच राहिला.

मावशीला साल विचारलं की ती पूल सांगायची. मुलगी झाली तो नदीवरचा पूल. सासू गेली तो दरीवरचा. मुलीला चष्मा लागला तो रेल्वेचा. पूल जुळला की घरातलं सामान खोक्यांत जायचं आणि खोकी ट्रकमध्ये. लोक हार-तुरे घालून पुलावरून जायचे तेव्हा ही दोघं भलत्याच गावात पडदे लावायला खिळे शोधत असायची. नवऱ्यानं बांधलेल्या पुलांपैकी एकही तिनं धड ओलांडलेला नव्हता.

हा पूल शेवटचा, असं दोघांनी ठरवलं होतं. तो होताही तसाच. दोन किनाऱ्यांमधला चिंचोळा समुद्र, पण वर्दळ अशी की दिवसभर जहाजांची रांग हलत असायची. समोरच्या काठावर कोणी वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या, पण तिथं पोचायचं तर फेरीबोटीसाठी अर्धा दिवस ताटकळावं लागे. जहाजांना वाट हवी, म्हणून पाण्यात खांब घालायची सोय नव्हती. दोन काठांना दोन मनोरे आणि मध्ये कुठेही पाय न टेकता एकच उडी. एवढी लांब उडी जगात आजवर कुठल्याच पुलानं घेतलेली नाही, असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मावशी ते कात्रण वाचून म्हणाली होती, "जगातला सगळ्यात लांब पूल बांधतायत, आणि आमच्या सिंकखालचा नळ महिनाभर गळतोय."

मनोऱ्यावरून मनोऱ्यावर माणसाच्या उंचीहून थोडी कमी जाड अशी केबल गेली होती. तिच्या खालून तिच्यासारखीच झोल खात जाणारी, तारेच्या जाळीची अरुंद वाट. कामगार तिला नुसतं 'जाळी' म्हणत. जाळी कधी स्थिर नसायची. दिवसभर तिच्यावर राहून माणूस खाली आला की जमीनच हलायला लागायची. त्याला सगळे 'झोका' म्हणत. कामगारांच्या वसाहतीत घरोघरी झोका होता. कँटीनमध्ये भाज्या चिरताना बायकांचा तोच विषय असायचा.

"आमचे काल बशी धरून असे डुलत होते," क्रेनवाल्याची बायको सांगायची, "की माझ्या नणंदेला वाटलं, पिऊन आलेत."

"आणि नव्हते का?"

"तेही होतं. पण झोका वेगळा, ते वेगळं. आता मला फरक कळतो."

मावशीही हसायची. तिच्याकडे काय वेगळं होतं? खुंटा अलीकडे पँट पलंगावर बसून घालायचा. डाव्या कुशीवर झोपणं त्यानं सोडलं होतं. चमचा खाली पडला तर तो उचलायचा नाही, पायानं तिच्याकडे सरकवायचा. हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि पाहून झोक्याच्या नावावर टाकलं होतं.

वर त्याचा जोडीदार होता त्याचाच जावई. उंच, लांब टांगांचा, बोलायला महाग. "आमचे जावई म्हणजे मांजर," मावशी म्हणायची, "घरात आले कधी आणि गेले कधी, दूध संपल्यावर कळतं." दोघांचं काम नट आवळायचं. पुलाचा रस्ता मोठाल्या तुकड्यांत बार्जवरून यायचा आणि एकेक तुकडा उचलून केबलला टांगला जायचा. वजन वाढेल तशी केबल ताणली जायची, ताणली की केसभर बारीक व्हायची आणि तिच्यावर नटांनी आवळलेले पोलादी पट्टे सैल पडायचे. नव्या चपलेचा पट्टा दोन दिवसांनी पुन्हा आवळावा लागतो, तसंच. एकानं वर उभं राहून ताण बघायचा, दुसऱ्यानं केबलखाली वाकून पाना बसवायचा. पाळी अर्ध्या दिवसानं बदलायची.

मग मोठं वारं सुटलं. जाळी बंद झाली आणि सगळे पुरुष आपापल्या घरात बसले. पहिल्या दिवशी झोपले, दुसऱ्या दिवशी पत्ते खेळले, नंतर बायकांच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागले. झोका एकेकाचा उतरला. क्रेनवाला तर जिन्यावरून उड्या मारत खाली यायला लागला. असंच एका सकाळी मावशीनं खुंट्याच्या हातात पाना दिला आणि नळाकडे बोट दाखवलं.

"आज निमित्त नाही चालायचं."

तो ओट्याखाली शिरला. डोकं डावीकडे वळवून पाइपाकडे बघितलं, आणि पाना फरशीवर खणकन पडला. मावशीनं वळून पाहिलं तर नवरा ओट्याबाहेर येऊन टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, ओठ पांढरे. तिनं बादली पुढे केली, ती वेळेवर.

"काय हो?" त्याचं तोंड पुसत ती म्हणाली.

"काही नाही. झोका."

"घरात बसून झोका कुठून आणलात? क्रेनवाला उड्या मारतोय."

त्यानं एक हात पान्याकडे पुढे केला.

"कधीपासून आहे?"

"पाना दे."

"देते. कधीपासून?"

"डावीकडे मान वळवली की होतं. आणि वाकून वर आलं की. एवढंच."

"एवढंच! मग वर काय करता, ताठ उभे राहून अंगाई म्हणता?"

"वर नाही होत."

"वर होत नाही, का वर सांगत नाही?"

त्यानं टेबलाचा पाय सोडला, पण उठला नाही. "पूल जुळू दे," तो म्हणाला. "थोडेच तुकडे राहिलेत. मग डॉक्टर म्हण, हकीम म्हण, तू नेशील तिथं येतो. कमरेला पट्टा असतो माझ्या, पडत नाही मी."

"पट्टा तुमच्या कमरेला आहे. पान्याच्या कमरेला आहे का? खाली बोटी असतात, शेजारी जावई असतो."

"माझ्या हातून आजवर एक नट खाली पडलेला नाही."

हे खरं होतं. फरशीवर पडलेल्या पान्याकडे मात्र दोघांनीही पाहिलं. मावशीला राग आला तो आधी स्वतःचाच. पँट, कूस, चमचा. डोळ्यांसमोर सगळं होतं. पण घरोघरी झोका होता, त्यामुळे तिच्या घरातलं दुखणं त्यातच खपून गेलं होतं. दुसऱ्या गावात, दुसऱ्या धंद्यात तिनं पहिल्याच दिवशी नवऱ्याचा कान धरून त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

मनोऱ्याच्या पायथ्याशी, वर जायच्या लिफ्टजवळ, एक लाकडी फळी होती. तिच्यावर प्रत्येकाच्या नावाची खुंटी आणि खुंटीला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्याची एक बाजू पिवळी, दुसरी कोरी. पिवळी बाजू पुढे म्हणजे आज वर जाणार. ज्याला जायचं नसेल त्यानं बिल्ला उलटा करायचा. पोटात दुखत असेल, बायकोशी भांडण झालं असेल, नुसतीच भीती वाटत असेल, कारण कोणी विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, फळीकडे बघत उभंही राहायचं नाही. ही रीत मुकादमाची. आणि दुसरी रीत त्याहून कडक होती: ज्याचा बिल्ला त्यानंच हलवायचा. एकानं थट्टेत दुसऱ्याचा बिल्ला उलटा केला, तर मुकादमानं त्याची रवानगी रंगाच्या शेडमध्ये केली. तो अजून तिथंच डबे ढवळत होता.

वारा पडला. काम सुरू व्हायच्या सकाळी मावशी चहाची किटली घेऊन रोजच्यापेक्षा जरा लवकर फळीपाशी आली. किटली खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि खुंट्याचा बिल्ला उलटा केला.

माणसं जमायला लागली. फळीवर नजर गेली की एकेकाचं बोलणं तुटत होतं. खुंट्याचा बिल्ला उलटा कोणी कधी पाहिला नव्हता. पण रीत ती रीत. एकानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, दुसरा जहाजं मोजायला लागला. मग खुंटा आला, मागं जावई. खुंटा फळीसमोर थांबला. त्यानं कप भरणाऱ्या बायकोकडे एकदाच पाहिलं. हात वर केला, बिल्ला पिवळा केला, लिफ्टचं दार ओढलं आणि आत जाऊन उभा राहिला. जावई खाली मान घालून मागोमाग गेला. लिफ्ट वर निघाली.

मुकादम चहा घ्यायला आला तो सगळे गेल्यावर.

"मावशी, बिल्ला कोणी फिरवला ते मी पाहिलंय."

"मग लावा मला रंगाच्या शेडमध्ये."

"शेड लहान आहे." त्यानं चहा घेतला नाही. "या फळीवर माणसं विश्वास ठेवतात ते एकाच गोष्टीमुळं. उद्या सगळ्यांच्या बायका येऊन बिल्ले फिरवायला लागल्या, तर भीती वाटलेला माणूससुद्धा बिल्ला पिवळाच ठेवेल. बायकोनं फिरवला असं कोणी म्हणू नये म्हणून." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "पण तुम्ही उगाच हात लावणाऱ्यातल्या नाही. कारण असेल. सांगा, आत्ता वर फोन करून उतरवतो त्याला. सांगताय?"

सांगायचं तर एकच वाक्य होतं. मावशीनं तोंड उघडलं, आणि तिला दिसलं ते असं: लिफ्ट खाली येतेय, आत एकटा खुंटा, आणि भोवती नाड्या बांधणारी माणसं.

"चहा निवतोय," ती म्हणाली.

मुकादमानं मान हलवली आणि निघून गेला. तो दिवस मावशीला खायला उठला. तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं, तिसऱ्यांदा क्रेनवाल्याच्या बायकोनं डबाच काढून घेतला. मान वर करून बघावं तर जाळीवरची माणसं मुंगीएवढी. त्यातली आपली कुठली, तेही कळेना. कळलं असतं तर काय केलं असतं, तेही कळेना.

दोघंही सुखरूप खाली आले. संध्याकाळी जावई रिकामा थर्मास परत द्यायला आला आणि दारातच रेंगाळला.

"आई, बिल्ला तुम्ही फिरवलात ना?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, मला वाटलं बाबांनीच फिरवला. बरं वाटलं होतं."

मावशीनं त्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर उभी राहिली. या जावयाकडून काही काढून घ्यायचं म्हणजे घट्ट झाकणाची बरणी उघडायची. थोडी वाफ द्यावी लागते. तिनं पाव कापून पुढे ठेवला. अर्धा पाव संपल्यावर तो म्हणाला, "खालचं वाकायचं काम मीच करतो."

"दोन्ही पाळ्या?"

"हो. सुरुवातीला त्यांची पाळी आली की म्हणायचो, राहू दे, पाना माझ्या हातात बसलाय. आता म्हणावंही लागत नाही. वाकून उठले की ते मिनिटभर डोळे मिटतात, आई. मी पाहिलंय."

"त्यांना कळलं नाही, तुम्ही का करताय ते?"

"त्यांना वाटतं, मी कामाला हावरट आहे."

"आणि तुमच्या बायकोला माहीत आहे?"

"तीच म्हणाली, बाबांना बोलू नका, त्यांना लागेल."

म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं. जो तो दुसऱ्याला लागू नये म्हणून गप्प, आणि त्या गप्प बसण्यापायी एक पोरगा समुद्रावर दोघांचं काम करत होता. दमलेल्या माणसाचा हातही सुटतो. ते सांगायला मावशीला मुकादम नको होता.

रात्रीच्या जेवणाला खुंटा उकडलेलं अंडं सोलत होता. सकाळपासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"जावई तुमच्या वाटचं वाकतोय," ती म्हणाली.

त्याचा अंगठा टरफलावर थांबला. "कोण म्हणालं?"

"तो म्हणत नव्हता. मी काढून घेतलं."

त्यानं अंडं ताटलीत ठेवलं. मागचे सगळे दिवस तो पुन्हा चालून येतोय, पट्ट्यामागून पट्टा, हे तिला दिसत होतं. "पाना हातात बसलाय," तो पुटपुटला. मग म्हणाला, "मी त्याला हावरट म्हटलं. सगळ्यांसमोर. एकदा नाही."

मावशीनं त्याच्यापुढची टरफलं गोळा केली.

जाळीवर शिव्या पुष्कळ असतात, पण जिव्हारी लागणारी एकच. जो दुसऱ्याच्या दोरीवर दिवस काढतो त्याला 'लोंबकळ्या' म्हणतात. खुंट्यानं आयुष्यात दोघा-तिघांना ती शिवी दिली होती आणि त्यांच्याशी पुन्हा कधी चहा घेतला नव्हता.

"म्हणजे लोंबकळ्या झालो मी," तो म्हणाला.

बायकोनं अशा वेळी नाही म्हणायचं असतं. मावशीच्या ते ओठांवर आलंही होतं. तिनं मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली. अंडं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फळीकडे पाठ करून कप भरले. पत्रा लाकडावर आपटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर बिल्ला उलटा होता आणि त्याच्यावरून खुंट्याचा हात खाली येत होता. सगळे आपापल्या नाड्यांकडे वळले. रीतीप्रमाणे गोष्ट इथं संपायला हवी होती. पण खुंटा हलला नाही.

"मला चक्कर येते," तो मोठ्यानं म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "बरेच दिवस येतेय. हा पोरगा माझं काम करत होता. तो हावरट नाही. मी त्याला तसं म्हटलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, म्हणून हेही ऐका."

जावयाचे कान लाल झाले. शेवटी क्रेनवाला म्हणाला, "पण मग आता वर शेंगदाणे कोण खाणार?" आणि माणसं हसली, जरा जास्तच. खुंट्यानं खिशात हात घातला, होते तेवढे दाणे जावयाच्या हातावर ओतले आणि म्हणाला, "जा. उशीर होतोय."

डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर आडवं करून मान डावीकडे वळवली, तेव्हा त्यानं मावशीचं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ राहिला. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे सुटलेत, असं बाई म्हणाल्या. मान वळवायचे व्यायाम दिले. चक्कर जाईल, पण कधीही परत येऊ शकते, आणि जाळीवर ती एकदा आली तरी पुरे.

"आयुष्यभर नट आवळले," घरी येताना खुंटा म्हणाला, "आणि माझेच खडे सुटले."

मुकादमानं त्याला खाली नटांच्या शेडमध्ये घातलं. तिथं तो रोज कुरकुरत जायचा आणि कुरकुरत यायचा. मावशीशी बोलणं संध्याकाळी जेवायला येणाऱ्या लेकीमार्फत. "आईला सांग, सूप खारट आहे." "बाबांना सांग, मीठ मोजून घातलंय." लेक मध्ये बसून जेवायची आणि कोणाचंच कोणाला सांगायची नाही. एका संध्याकाळी ती नव्हती, तेव्हा त्याची पंचाईत झाली.

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नसतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"दुसऱ्याच्या नव्हताच लावला," मावशी म्हणाली.

त्यानं सुपाची वाटी पुढे केली, आणखी हवंय म्हणून.

पूल मधून सुरू होऊन मनोऱ्यांकडे येत गेला. शेवटचा तुकडा याच काठाला, मनोऱ्याजवळ बसायचा होता. त्या दुपारी जहाजं दोन्ही टोकांना थांबवून ठेवली होती, फेरीबोट धक्क्याला बांधलेली. पाणी इतकं रिकामं आणि इतकं शांत मावशीनं कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. मुकादमानं खुंट्यासाठी तिथं पुढची खुर्ची राखली होती, पण तो कँटीनच्या मागे, काठावरच्या खोक्यावर येऊन बसला. मांडवात सगळे माना वर करून बसणार. मान वर केली की त्याला अजून गरगरायचं.

"कुठवर आलाय?" त्यानं विचारलं.

"निम्मा," मावशी कपाळावर हात धरून वर बघत म्हणाली. "हळूहळू चढतोय. तुम्ही वर बघू नका."

"बघत नाहीये. मला इथंच दिसतंय."

तिनं त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. पुलाची सावली पाण्यावर पडली होती, काठापासून पार समोरपर्यंत एक लांब काळी पट्टी. अलीकडे एकाच ठिकाणी ती तुटली होती, आणि त्या फटीत ऊन चमकत होतं. वर चढणाऱ्या तुकड्याची सावली वेगळी होती. तुकडा चढेल तशी ती पाण्यावरून तिरकी सरकत त्या फटीकडे चालली होती.

"आता थांबला," मावशी म्हणाली.

"थांबणारच. आता बोटा-बोटानं घेतील."

सावली फटीत शिरली. दोन्ही बाजूंना उन्हाची एकेक कड राहिली. मग एक बुजली. खुंटा गुडघ्यांवर हात ठेवून पाण्याकडे बघत होता.

"जावई कुठं आहे?"

"अलीकडच्या टोकाला. लाल हेल्मेट. वाकलाय."

उन्हाची दुसरी कड दोऱ्याएवढी झाली आणि गेली. पाण्यावर एकच अखंड काळी पट्टी उरली. दोन्ही टोकांना थांबलेल्या जहाजांनी एकदम भोंगे वाजवले, मांडवात टाळ्या सुरू झाल्या, क्रेनवाल्याची बायको कोणाला तरी मिठी मारून रडायला लागली. खुंट्यानं मान वळवली नाही.

"अजून वाकलेलाच आहे?"

"हो." मावशी टाचांवर उंच झाली. "थांबा. उठला."

"कशाला धरून उठला?"

तिनं नीट पाहिलं.

"कशालाच नाही," ती म्हणाली.

"बरं," खुंटा म्हणाला. थोड्या वेळानं तो बायकोच्या खांद्याला धरून, एका दमात, सरळ उभा राहिला. "चल, आधण ठेव. आता सगळे एकदम खाली येतील."